थोडं आजारपण

बाबा वाळूतून हलायलाच तयार नव्हते.

"बाबा, चला. सगळे होडीत बसलेत."

"बसू दे."

त्यांच्यापासून चार हातांवर सी-लायनचं एक पिल्लू पडलं होतं. बरगड्या मोजता याव्यात इतकं वाळलेलं, कातडी अंगावर ओल्या पोत्यासारखी लोंबत होती. समुद्रातून एखादी मादी वर आली की ते मान उचलायचं, शेळीच्या करडासारखं ओरडायचं आणि पोटावर सरपटत तिच्याकडे जायचं. मादी हुंगायची आणि दात विचकून त्याला हाकलायची. मग ते परत होतं तिथंच पडायचं.

आमची गाईड मार्सेला माघारी आली. तिशीतली, उन्हानं रापलेली, इथल्याच बेटांवर वाढलेली मुलगी. बाबांना इंग्रजी वाचता यायचं, पण इथल्या लोकांचे उच्चार त्यांना कळत नसत आणि कानही अधू झाले होते. त्यामुळे सबंध सफरभर मीच मधे उभी होते. नागपूरला कॉलेजात इंग्रजी शिकवते, त्याचा असा उपयोग होत होता.

"तिला विचार, याची माय कुठं आहे?"

मी विचारलं. मार्सेला म्हणाली, "शार्कनं धरली असेल. नाहीतर माशांसाठी लांब गेली आणि परतली नाही. बरेच दिवस दिसली नाही."

"मग दुसरी कोणी दूध पाजत नाही?"

"नाही. प्रत्येक मादी फक्त आपल्याच पिल्लाला पाजते."

"आणि तुम्ही लोक?"

मार्सेलानं हे आधी पुष्कळदा ऐकलं असावं. "आम्ही काही करत नाही. हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही. इथे माणसानं फक्त बघायचं."

मी मराठीत सांगितलं. बाबांनी टोपी काढली आणि तोंडावर दाबून धरली. त्यांचे खांदे हलताना दिसले तेव्हा मला कळलं, की ते रडताहेत.

माझी पन्नाशी उलटली होती आणि बाबांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. वर्षभरापूर्वी आई गेली, तेव्हा ते अंगणात खुर्ची टाकून आलेल्यागेलेल्यांशी नीट बोलत होते. चहा झाला का, असं विचारत होते. मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना होडीपर्यंत आणलं. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. खोटं कशाला सांगू, आनंदही झाला. याचसाठी तर आले होते मी.

बाबा रेंजर होते. गडचिरोलीकडच्या जंगलात सगळी नोकरी गेली. रेंजर भांडेकर म्हटलं की त्या भागातली जुनी माणसं अजून हात जोडतात. घरी मात्र ते पाहुण्यासारखे यायचे. आमचं घर म्हणजे आई. ती गेल्यावर मला वाटलं, हा माणूस आता माझ्या वाट्याला आला आहे आणि मला तो माहीतच नाही. कासवांच्या त्या बेटांवर एकदा जायचंय, असं ते मी शाळेत असल्यापासून म्हणायचे. त्यांची पंचाहत्तरी आली होती. माझे यजमान म्हणाले, "तू एकटीच घेऊन जा. बापलेकी बोला जरा." म्हणून आम्ही दोघं गॅलापागोसला आलो होतो, एका छोट्या बोटीवर, देशोदेशीच्या दहाबारा उतारूंबरोबर.

आणि बाबा तिथे फुलले होते. निळ्या पायांचे पक्षी एकमेकांपुढे पाय उचलून नाचताना बघून लहान मुलासारखे हसले. काळ्या खडकावर सरडे नाकातून मीठ शिंकरत बसलेले असायचे, त्यांच्या समोर ते उकिडवे बसायचे. इथली जनावरं माणसाला भीत नाहीत याचं त्यांना राहूनराहून नवल वाटायचं. "शालू, बघ. आमच्याकडे वाघाचंही काळीज धडधडतं माणूस दिसला की." इतकं ते माझ्याशी माझ्या सबंध आयुष्यात बोलले नव्हते.

त्या दिवशी आम्ही शेवटचं बेटावर उतरलो होतो. होडीत माझ्या शेजारी रूथ बसली होती, कॅनडातली निवृत्त नर्स. ती म्हणाली, "तुझ्या वडिलांचं मन फार हळवं आहे."

"हो," मी म्हणाले. मला अभिमान वाटला.

"तू एकटीच का त्यांना?"

"धाकटा भाऊ होता. मुकुंदा. चार वर्षांचा असताना गेला. घटसर्प झाला होता."

"अरे रे. वडिलांना सोसवलं नसेल."

"ते तेव्हा तिथे नव्हते. नदीला पूर आला होता. पलीकडे अडकले होते."

हे मी आजवर कितीजणांना सांगितलं असेल. आपला पत्ता सांगावा तसं ते तोंडातून निघायचं. आईनंही ते तसंच सांगितलेलं. पोळ्याचा दिवस होता. बाबा सकाळीच जीप घेऊन नदीपलीकडच्या लाकडाच्या डेपोवर गेले, मागे पूर चढला आणि पूल बुडाला. इकडे मुकुंदाचा गळा सुजून श्वास लागेना. कंपाउंडर म्हणाला, गाडीत घाला आणि चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, इथे काही नाही. गाडी तर नव्हती. आई दारोदार बैल मागत फिरली. पोळ्याला बैल जुंपत नाहीत. शिंगं रंगवून, झूल घालून, पुरणपोळी खाऊ घालून त्यांना उभं केलेलं असतं. लोक म्हणाले, बाई, आजचा दिवस कसा जुंपायचा? शेवटी एका म्हाताऱ्यानं आपली सजवलेली जोडी तशीच खाचराला, आमच्याकडच्या छोट्या बैलगाडीला, जुंपली. मीही त्या खाचरात होते. मुकुंदाचं डोकं आईच्या मांडीवर आणि पाय माझ्या. बैलांच्या गळ्यातले घुंगरू सारखे वाजत होते. आई त्या म्हाताऱ्याला म्हणाली, ते सोडा हो, त्याचा श्वास ऐकू येत नाही मला. त्यानं उतरून घुंगरू सोडले, तरी श्वास ऐकू आला नाही.

आई त्यानंतर कधी त्या नदीच्या पाण्याला शिवली नाही. पुलावरून बस गेली की तोंड फिरवायची.

संध्याकाळी जेवणाआधी सगळे बोटीच्या बैठकीच्या खोलीत जमले. खिडक्यांबाहेर समुद्र तांबूस झाला होता. मार्सेला म्हणाली, "उद्या आपण पांगणार. प्रत्येकानं एक आठवण सांगा. या सफरीतली सांगा, नाहीतर कुठल्याही जनावराची, आयुष्यातली."

एकानं लहानपणच्या कुत्र्याची सांगितली. रूथनं देवमाशाची सांगितली. जर्मन जोडपं नुसतंच आभार मानून बसलं. मग मार्सेला म्हणाली, "मिस्टर भांडेकर, तुम्ही जंगलात आयुष्य काढलंत. आज तुम्ही माझ्यावर रागावलात, मला कळलं. बोला ना."

मी बाबांच्या कानाशी वाकून सांगितलं. ते लगेच उभे राहिले.

"मी मराठीत बोलतो. तू सांग त्यांना. एकेक वाक्य घे."

मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ही पोरगी म्हणते, इथे फक्त बघायचं. मला ते आयुष्यात जमलं नाही."

मी सांगितलं. लोक हसले. मार्सेलाही हसली.

"मी तरुण होतो. नवीनच रेंज मिळाली होती. तेव्हा वाघ-बिबटे मारले तर कोणी विचारत नसे. गावात पोळ्याचा सण होता."

पोळा म्हणजे काय, ते मी माझ्या मनानं दोन वाक्यांत समजावलं. बैलांचा सण, त्या दिवशी त्यांना सजवतात, काम देत नाहीत. लोकांना फार आवडलं.

"सकाळी माझा गार्ड पोत्यात घालून बिबट्याचं पिल्लू घेऊन आला. मादीनं विष घातलेलं ढोर खाल्लं होतं. ती मेली होती. पिल्लानंही तोंड लावलं होतं. तोंडाला फेस, पाय ताठ."

मी सांगत होते. पोळे पुष्कळ झाले, मी स्वतःला म्हणाले. दरवर्षी येतो पोळा.

"जनावरांचा डॉक्टर नागपूरला. आणि गाडी म्हणाल, तर सबंध तालुक्यात एकच, माझी जीप. त्याच वर्षी मिळालेली."

जीप म्हटल्यावर मला ते वर्षच आठवलं. तरी मी सांगितलं. ती जीप आली तेव्हा आईनं तिला ओवाळलं होतं. आम्हा दोघांना बाबांनी तिच्यातून चक्कर मारून आणली होती. मुकुंदा माझ्या मांडीवर बसून हॉर्न वाजवल्यासारखा ओरडत होता. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर मुकुंदा नव्हता.

"नदी चढत होती. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, पूल बुडेल, गेलो तर परत येता येणार नाही. मी म्हटलं, बुडायच्या आत काढ गाडी."

मी सांगितलं.

बाबांचे डोळे खिडकीबाहेर लागले होते. चेहरा उजळला होता. माझ्याकडे ते पाहतही नव्हते. "घरी थोडं आजारपण होतं. तसा निरोपही आला होता ऑफिसात. पण मी म्हटलं, घरी माणसं आहेत. ह्याला कोण आहे?"

मी थांबले.

सगळे माझ्याकडे पाहत होते. मार्सेलानं मान तिरपी केली, मला शब्द सापडत नाही असं तिला वाटलं असेल. बाबांनी माझा खांदा दाबला. "सांग ना. चुकलं का काही?"

"नाही," मी म्हणाले आणि सांगितलं. थोडं आजारपण. घरी माणसं होती. ह्याला कोण होतं?

"मांडीवर घेऊन नागपूरपर्यंत गेलो. बाटलीनं दूध पाजलं. डॉक्टरनं पोट धुतलं. दोन दिवस त्याच्या उशाशी बसून होतो. आणि ते वाचलं!" त्यांचा आवाज कापला. "पुढे नागपूरच्या प्राणिसंग्रहालयात म्हातारं होऊन मेलं ते. मी गेलो की जाळीशी यायचं. बस, एवढंच. झालं माझं."

मी तेही सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. पिल्लू वाचलं म्हटल्यावर रूथनं डोळे पुसले. कोणीतरी टाळ्यांसाठी हात उचलले. तेव्हा मी त्याच सुरात, त्याच आवाजात पुढचं वाक्य बोलले.

"घरी जे आजारी होतं, तो त्यांचा चार वर्षांचा मुलगा होता, आणि त्या दिवशी गाडी मिळाली नाही म्हणून तो मेला."

उचललेले हात तसेच खाली गेले. खोलीत बोटीच्या इंजिनाचा आवाज तेवढा राहिला. बाबांना त्यातलं काही कळलं नव्हतं. ते त्या शांततेकडे पाहून हसले. लोक भारावून गेलेत असं त्यांना वाटलं. मग त्यांनी दोन्ही हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला, डावीकडे, उजवीकडे आणि मार्सेलाला वेगळा.

जेवताना आमच्या टेबलावर कोणी बसलं नाही.

सकाळी होडीनं आम्हाला विमानतळाच्या धक्क्यावर सोडलं. मार्सेलानं सगळ्यांना मिठ्या मारल्या, बाबांशी फक्त हात मिळवला. बसची वाट पाहत आम्ही सामानाजवळ बाकावर बसलो. शेजारी बाकाखाली एक सी-लायन ऐसपैस झोपला होता. बाबांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं.

"काल कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत," ते म्हणाले. "त्या कुत्र्याच्या गोष्टीला पण वाजवल्या. तू नीट सांगितलंस ना?"

"नीट सांगितलं. शेवटी एक वाक्य जास्तीचं सांगितलं."

"कोणतं?"

"घरी आजारी होता तो तुमचा मुलगा होता आणि तो मेला."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग चेहरा हळूहळू लाल झाला.

"त्या परक्या लोकांना सांगितलंस?"

"हो."

"काहून? त्यांचा काय संबंध? आठ दिवस मान दिला त्या लोकांनी मला!"

"बाबा, निरोप काय आला होता?"

"सोड आता."

"काय आला होता? ऑफिसात कोण आलं होतं?"

"गार्डची बायको आली होती. पोराचा गळा धरला, गाडी द्या म्हणे." ते वैतागून बोलत होते, जुन्या चौकशीला उत्तर द्यावं तसे. "तुझी आई साध्या तापाला घाबरायची. मला वाटलं, तसंच असेल. मला काय माहीत, घटसर्प आहे म्हणून? जाणूनबुजून गेलो का मी?"

"जाऊन बघितलंत का? घर ऑफिसच्या मागंच होतं."

त्यांनी पायाशी ठेवलेल्या पिशवीचा बंद ओढून घट्ट केला.

"आणि तिला सांगितलंत पुराचं. डेपोवर अडकलो म्हणून. ती मरेपर्यंत त्या नदीला शिव्या देत राहिली, बाबा. तिचं पाणी घेतलं नाही तिनं."

"मी सांगितलं?" बाबांनी मान वर केली. "मी कधी सांगितलं पुराचं? आठव. मी सांगितलेलं ऐकलंस कधी?"

मी आठवायला लागले. घरातली एकेक खोली उघडून पाहावी तशी एकेक वर्ष पाहत गेले. पूर, पूल, डेपो, सगळं आईच्या तोंडचं होतं. शेजारणींना सांगताना, मामाला सांगताना, मी विचारलं तेव्हा मला सांगताना. बाबा तिथे असले तर उठून बाहेर जायचे.

"परत आलो त्याच दिवशी मी तिला सगळं सांगितलं," बाबा म्हणाले. "पिल्लाचं सांगितलं. काही लपवलं नाही. ती म्हणाली, कोणाला बोलू नका. मी बघते. मग तिनं जे सांगायचं ते सांगितलं."

"आणि तुमच्याशी काय बोलली?"

"कामापुरतं बोलायची."

बस आली. त्यांना उठवायला मी हात पुढे केला नाही. ते खांब धरून उठले.

नागपूरला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ब्रह्मपुरीला गेले, कुसुममावशीकडे. आईची धाकटी बहीण. ती वाल सोलत बसली होती. मी तिला सरळच विचारलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"कोणी सांगितलं तुले?"

"बाबांनीच."

"आता सांगून काय मिळालं त्याले?" तिनं मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाली, "मी म्हणाली होती ताईले, सोडून दे त्या माणसाले, चल माझ्यासंगं. तं ताई म्हणे, एक तं गेला, आता पोरीचा बाप पण घालवू का? तिले खराखुरा बाप पाहिजे, म्हणे, चार लोकांत नाव घेता येईल असा. मंग तिनंच नदीवर ढकललं सारं. नदी का भांडाले येते का कोणासंगं?"

"तिनं कधी बोलूनच नाही दाखवलं, मावशी."

"तुह्यासमोर नाही बोलली. तेवढंच तं केलं तिनं जन्मभर."

मी परतीच्या बसमध्ये बसले तेव्हा मला बाबांचा जितका राग आला होता, तितकाच आईचाही आला. तिनं एवढं ओझं वाहून माझ्यासाठी एक बाप तयार केला होता आणि तो मी बारा अनोळखी माणसांसमोर एका वाक्यात मोडून टाकला होता. तरी ते वाक्य परत घ्यावं असं मला वाटत नव्हतं. आजही वाटत नाही. फक्त ते वाक्य मी कोणाच्या बाजूनं बोलले होते, हे मला कळेनासं झालं.

बाबा त्यानंतर चार-पाच वर्षं जगले. मी त्यांना माझ्याकडे आणलं. गोळ्या दिल्या, पथ्याचं रांधलं, डोळ्यांचं ऑपरेशन केलं. आम्ही जेवणाचं, पंख्याचं, वर्तमानपत्राचं बोलायचो. कामापुरतं.

शेवटच्या आजारात दवाखान्यात होते. दुपारची वेळ होती, मी मोसंबी सोलत होते. ते डोळे मिटूनच म्हणाले, "शालू, बोटीवर तू नेमकं काय सांगितलंस त्या लोकांना?"

मला वाटलं, भ्रमात आहेत. पण त्यांनी डोळे उघडले, वाट पाहत राहिले. मी ते वाक्य मराठीत सांगितलं, जसंच्या तसं.

त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"नाव सांगितलंस त्याचं?"

"नाही."

"नाव सांगायचं होतंस," ते म्हणाले. "मुकुंदा."

तो गेल्यापासून त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मी सोललेली फोड पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. भिंतीकडे कूस बदलली आणि पांघरूण कानांवरून ओढून घेतलं.